निघण्याआधीची दहा मिनिटं

पहाटे पावणेपाच

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रपूरच्या एसटी आगारात या वेळी स्वेटर घालूनही बोटं आखडतात. रांगेत उभ्या गाड्यांच्या काचांवर दव असतं, पण चिखलदऱ्याला पडतं तसं नितळ नसतं. रात्रभर हवेतून उतरणारी काळी भुकटी त्यात कालवली जाते आणि काचेवर पातळ, चिकट थर बसतो. औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि या सगळ्यांच्या मधे धावणारे ट्रक, यांच्या शेजारी राहणाऱ्या चंद्रपूरकराला हा थर गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज दिसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणावरून क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं आलं होतं.

हजेरी लावली, लॉगशीट घेतलं. आज चंद्रपूर-अहेरी आणि परत. गाडी ताब्यात घेताना ब्रेक, हवा, टायर, दिवे बघायचेच असतात. मी सुरुवात काचेपासून करतो. स्वच्छकांनी रात्री गाडी धुतलेली असते, पण धुतल्यानंतरचे चार-पाच तास दव आणि धूळ आपलं काम करत राहतात. पहाटेची काच पहाटेच पुसावी लागते.

कोरडं फडकं कधीही लावायचं नाही. कोळशाच्या आणि राखेच्या भुकटीत खरखरीत कण असतात. कोरडं घासलं की काचेवर बारीक ओरखडे उठतात, ते दिवसा दिसत नाहीत. रात्री समोरच्या गाडीचा उजेड पडला की प्रत्येक ओरखडा चमकतो आणि रस्त्याच्या जागी नुसता उजेडाचा पसारा दिसतो. बटण दाबून कोरड्या काचेवर वायपर फिरवणं त्याहून वाईट, कारण रबराच्या धारेखाली अडकलेला कण एकाच रेषेत पुन्हा पुन्हा फिरतो. म्हणून आधी वरून पाणी सोडायचं आणि जे वाहून जाईल ते जाऊ द्यायचं. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेलं सुती फडकं. वायपर उचलून रबराची कड ओल्या फडक्याने निपटायची. शेवटी जुन्या वर्तमानपत्राचा कागद. हे झालं की आत बसून तेच, कारण आतल्या बाजूला श्वासाचा आणि हातांचा तेलकट थर असतो.

मग दोन्ही आरसे, पुढचे दिवे, इंडिकेटर, मागचे लाल दिवे, मागचा नंबर, रेडियमच्या पट्ट्या. सगळं मिळून दहा मिनिटं.

नवीन पोरं बहुतेक पुढची काच पुसून थांबतात. त्यात त्यांची चूक काढत नाही, काच पुसल्याचा फायदा ज्याचा त्याला लगेच दिसतो. मागचा दिवा मात्र ज्याला दिसायचा त्याची-माझी कधी भेटही होत नाही. तो मोटरसायकलवर असतो, त्याच्या मागे बायको असते, पुढे टाकीवर पोर असतं. माझ्या गाडीचा मागचा दिवा पुसलेला आहे की नाही यावर त्याचा ब्रेक कधी लागणार हे ठरतं. गाडी स्वच्छ करून निघावं का, हा माझ्या दृष्टीने वादाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो हा, की हे करायला चालकाला वेळ कोण देतो. मला महामंडळ देतं. गाडी सुटण्याच्या वेळेआधी माझी हजेरी लागते आणि ती वेळ माझ्या कामात धरली जाते.

सहा

फलाटावरून निघालो तेव्हा अंधारच होता. या दिवसांत पावणेसातच्या आसपास उजाडतं. गाडी पाऊणएक भरली होती. गोंडपिपरीच्या शाळेतले दोन शिक्षक, आलापल्लीला मुलीकडे निघालेलं एक जोडपं, कॉलेजची मुलं, दवाखान्यातून परतणारे.

बल्लारपूरपर्यंत समोरून ट्रकांची रांग असते. एकच दिवा दिसला तर डोकं मोटरसायकल समजतं आणि हात त्याप्रमाणे वागायला जातो. जवळ आल्यावर कळतं की तो ट्रक आहे, दुसरा दिवाही पेटलेला आहे, फक्त त्यावर चिखलाचा गिलावा बसलाय. खाणीतल्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात. त्यामुळे खाणीतून बाहेर पडणारी गाडी चाकापासून दिव्यापर्यंत ओल्या राखाडी चिखलाने माखते आणि डांबरी रस्त्यावर आली की तो चिखल वाळून कडक होतो. अशा दिव्यासमोर गाडी आपोआपच डावीकडे घेतो. अंधारात एक डोळा झाकलेल्या ट्रकची खरी रुंदी कुठपर्यंत आहे, हे कळायला मार्गच नसतो.

बामणी फाट्याला राजुऱ्याचा रस्ता उजवीकडे जातो, आम्ही कोठारीकडे वळतो.

सव्वासात

कोठारी सोडली की रस्ता पूर्वेकडे तोंड करतो आणि सूर्य बरोबर काचेत येतो. पहाटेच्या दहा मिनिटांची परीक्षा इथे होते. अंधारात स्वच्छ वाटलेली काच तिरप्या उन्हात सगळं उघड करते. तेलकट थर राहिला असेल तर काच दुधाळ पांढरी होते आणि पुढचं सागाचं जंगल, सायकलवरचा माणूस, रस्ता ओलांडणारी गाय हे सारं त्या पांढऱ्यात विरघळून जातं. पूर्ण आंधळेपण दोन-तीन सेकंदांचंच असतं. पण ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे ४० मीटरहून जास्त रस्ता न बघता कापला. आणि हा रस्ता रिकामा नाही, जंगलातून चितळ आणि रानडुकरं सकाळी याच वेळी उतरतात.

अर्धा तास असं डोळे बारीक करून चालवावं लागतं.

पावणेआठ

गोंडपिपरीला चहा. टपरीसमोर लाल धुळीने माखलेला एक मोठा टिप्पर उभा होता. सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज घेऊन घुग्घुसकडे निघालेला. चालक पंचविशीतला पोरगा, डोळे जागरणाने लाल. त्याच्या काचेवर वायपरने काढलेला अर्धगोल तेवढा स्वच्छ होता. बाकी काचेवर लाल पडदा. डाल्यावर ताडपत्री होती, पण एका बाजूची दोरी सुटून फडफडत होती.

मी म्हटलं, "भाऊ, पाणी घे ना जरा. काच धुऊन घे. ताडपत्रीची दोरी सुटली आहे."

तो म्हणाला, "तुमचं बरं आहे जी. तुमाले हजेरी आहे. मले फेरी आहे."

या दोन वाक्यांत सगळा मामला आला. त्याला पैसा फेरीवर मिळतो. आठवड्यात जितक्या फेऱ्या, तितकी कमाई. लोडिंगची रांग, काट्याची रांग, खाली करायची रांग, तिन्ही ठिकाणी तास तास जातात आणि त्यातला एकही तास कोणी मोजत नाही. उरलेल्या वेळात तो फेरी ओढून काढतो. ताडपत्री नीट घालायची तर दोन माणसं लागतात. एकाने मालावर चढायचं, दुसऱ्याने खालून दोऱ्या ओढायच्या. पूर्वी प्रत्येक ट्रकवर क्लीनर असायचा, हल्ली चालक एकटाच असतो. एकट्याने, अंधारात, घसरत्या मालावर चढून दोरी बांधताना खाली पडलेले चालक या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहेत. त्याचं म्हणणं होतं की काट्यावरचा माणूस वजन पाहतो, कागद पाहतो. दोरी पाहत नाही.

आणि वजन का पाहतो तेही उघड आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. दंड मोठा असल्यामुळे काट्यावर नजरही कडक आहे. माल झाकून न्यावा ही अट कोळसा खाणींना केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीतही नेहमी लिहिलेली असते. पण ती दोरीपर्यंत पोचवायची जबाबदारी घसरत घसरत शेवटी या पंचविशीतल्या पोरावर येते. तो दोषी नाही असं मी म्हणत नाही. सुटलेली दोरी दिसत असताना निघणं हा दोषच आहे. पण तो एकटा दोषी आहे असं म्हणून गप्प बसणं मला पटत नाही.

चहाचे पैसे मी दिले आणि दोरी बांधायला दोन हात लावले. वाहकाने घड्याळ दाखवलं, पण चार मिनिटांत गाठ बसली. काचेवर त्याने स्वतःच बाटलीभर पाणी ओतलं.

साडेआठ

आष्टीजवळ वैनगंगेच्या पुलावर धुकं होतं. इथून थोडं खाली चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि पुढे प्राणहिता होते. इतकं पाणी जवळ म्हणून थंडीत पुलावर धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं. अशा वेळी आतली काच बाहेरच्या काचेपेक्षा जास्त त्रास देते. भरलेल्या गाडीतल्या माणसांच्या श्वासाची वाफ थंड काचेवर बसते. लोक थंडीमुळे खिडक्या घट्ट लावून घेतात आणि तितकी वाफ वाढते. मी वाहकाला सांगून मागच्या दोन खिडक्या चार बोटं उघडायला लावतो. मागे बसलेल्या आजी रागावतात, पण हवा खेळली की काच मिनिटभरात साफ होते. नुसत्या हाताने पुसली तर पुन्हा धुरकट होते आणि हाताचं तेल वर लागतं.

नऊ

आष्टीपासून आलापल्लीपर्यंतचा टप्पा या दिवसातला सगळ्यात अवघड. एटापल्लीकडून येणारे खनिजाचे ट्रक याच रस्त्याने येतात. दोन्ही कडांना सागाची पानं लाल झालेली. आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे. इथल्याच जंगलाच्या एका तुकड्याला, वनवैभवला, २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं गेलं. त्या जंगलाच्या दाराशी पानांवर धूळ बसलेली पाहून जीव तुटतो. हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर लांबीची नळवाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यातून खनिज पाण्याबरोबर वाहून जातं. जितका माल नळातून जाईल तितके ट्रक रस्त्यावरून कमी व्हावेत, ही इथल्या प्रत्येक गावाची इच्छा आहे.

लोहखनिज जड असतं. डाल्यात ते अर्ध्यावरच भरलं की वजन पूर्ण होतं, त्यामुळे ढीग फाळक्याच्या वर येत नाही. खडे उडायचं भय इथे कमी, धुळीचं जास्त. कोळशाचं उलट आहे. कोळसा हलका, वजन पूर्ण करायचं तर ढीग फाळक्याच्या वर जातो. एकाच नियमाने दोन्ही ट्रकांना मोजता येत नाही, हे रस्त्यावर चालवणाऱ्याला कळतं. एकाला ताडपत्री धुळीसाठी लागते, दुसऱ्याला डल्ल्यांसाठी, म्हणजे कोळशाच्या मोठ्या ढेकळांसाठी.

शाळेची पोरं सायकलवर होती. मुलींनी ओढण्या नाका-तोंडावर गुंडाळलेल्या. ट्रक गेला की त्या थांबतात, धूळ बसू देतात, मग पुन्हा पायडल मारतात. मी त्यांच्याजवळून जाताना गाडी हळू घेतो, कारण मी उडवलेली धूळही त्याच धुळीत जमा होते.

पावणेदहा

अहेरी. प्रवासी उतरले. वाहक हिशेबाला गेला, मी बादली घेऊन मागे गेलो.

गाडी धुळीच्या रस्त्यावर चालली की सगळ्यात मळतो तो तिचा पाठचा भाग. चौकोनी गाडी पुढे हवा कापत जाते आणि तिच्या मागे पोकळी तयार होते. चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत ओढली जाते आणि मागच्या काचेवर, दिव्यांवर, नंबरावर बसते. पुढून गाडी झकास दिसते आणि मागून तिचा लाल दिवा विटेच्या रंगाचा झालेला असतो. चालकाला हे बसल्या जागी कळत नाही, उतरून मागे जावंच लागतं. आलापल्लीच्या एका फेरीत माझा मागचा नंबर वाचता येईनासा होतो.

२०१७ च्या वाहनचालन विनियमांत हे चालकाचं कर्तव्य म्हणून आलं आहे. गाडीच्या अवस्थेमुळे चालकाची दृष्टी अडता कामा नये, नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. काचेवर काळी फिल्म लावू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये आदेश दिला आणि त्यानंतर शहरांत फिल्म काढायच्या मोहिमा निघाल्या, दंड झाले. काच पुढची आणि मागची असेल तर ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूची असेल तर ५० टक्के, हा नियम त्याच्या मुळाशी होता. धुळीचा पडदा बसलेल्या काचेतून किती टक्के उजेड आत येतो, हे कुठल्या नाक्यावर मोजलेलं मी पाहिलं नाही. फिल्म लावायला पैसे लागतात म्हणून ती गुन्हा दिसते. धूळ आपोआप बसते म्हणून ती कोणाचीच नसते.

साडेदहाला डबा खाल्ला. अकराला परतीची गाडी.

दुपारी पावणेदोन

येताना गाडी भरलेली. कोठारीपुढे बांबूचा एक ट्रक होता, बल्लारपूरच्या दिशेने. मागे लांब निघालेल्या टोकांना लाल कापड बांधलेलं होतं आणि ते धुतलेलं होतं. बघून बरं वाटलं. असं कापड वर्षानुवर्षं तेच राहतं, काळं पडतं, आणि मग बांबूचं टोक आणि कापड यांत फरक उरत नाही.

बामणी फाट्यावर राजुऱ्याकडून आलेला कोळशाचा टिप्पर आमच्या पुढे लागला. ताडपत्री नव्हती. ढीग फाळक्याच्या वर, मधे टेकडीसारखा. मी अंतर वाढवत नेलं. यामागे साधं कारण आहे. गाडी हादरत चालते तसा बारीक चुरा फटींमधून खाली उतरत जातो आणि मोठे डल्ले वर येत जातात. खाणीतून निघताना वर बारीक माल दिसत असला तरी दहा-पंधरा किलोमीटरनंतर नारळाएवढे डल्ले माथ्यावर आलेले असतात. मग एक गतिरोधक किंवा एक खड्डा पुरतो. तसंच जोडटायरांचं. दोन टायरांच्या मधे अडकलेला दगड वेग वाढला की गोफणीतून सुटावा तसा मागे येतो. जुने चालक खाणीच्या दारात उतरून लोखंडी सळईने जोडटायर चाचपायचे. ती सवय मोडत चालली आहे, कारण ती फेरीत बसत नाही.

गतिरोधक आला. वरून दोन-तीन डल्ले घरंगळले. एक रस्त्यावर फुटून त्याचे तुकडे माझ्या गाडीच्या पुढच्या पत्र्यावर आदळले, काच वाचली. माझ्या आणि टिप्परच्या मधे मोटरसायकल नव्हती. पाच मिनिटांपूर्वी होती.

एसटीच्या मोठ्या काचेमागे बसलेल्या मला यात फारसा धोका नाही. धोका मोटरसायकलवाल्याला आहे. खाणीत कामाला जाणारे, वीज केंद्रात कंत्राटावर असलेले, भाजी घेऊन निघालेले, सगळे दुचाकीवर. त्यातले बरेच जण हेल्मेटची काच वर करून चालवतात, कारण कोळशाच्या धुळीने ती अर्ध्या तासात आंधळी होते. म्हणजे ज्या डोळ्यांना सगळ्यात जास्त झाकण हवं, ते उघडे.

माझी मागणी साधी आहे. काट्याच्या दारातच, वजनाची पावती हातात येण्याआधी, चार गोष्टी बघितल्या जाव्यात. ताडपत्री बांधलेली, जोडटायर मोकळे, दिवे आणि नंबर धुतलेले, पुढची काच साफ. पाण्याचा नळ आणि चढायला कठडा असलेला एक ओटा खाणीनेच बांधावा, म्हणजे चालकाला मालावर चढावं लागणार नाही. हँडल फिरवून ओढता येणारी ताडपत्रीही आता मिळते, ती गाडीमालकाने बसवावी. आणि यात जाणारा वेळ फेरीच्या पैशात धरला जावा. फुकटात सांगितलेली काळजी माणूस थकला की सर्वात आधी सोडतो.

अडीच

आगारात गाडी सोपवली. शेऱ्याच्या वहीत लिहिलं: डावीकडच्या वायपरचं रबर बदलणे, मागचा उजवा दिवा आतून ओलसर. पुढच्या चालकाला हे तोंडी सांगून भागत नाही, लिहावं लागतं.

संध्याकाळी पाच

उद्या साप्ताहिक सुट्टी. मोटरसायकलने चिचपल्लीच्या जंगलातून मूलकडे आलो. धाकट्या भावाकडे धानाची चुरणी चालली होती. आमच्या भागात हे दिवस पुंजणे उकलण्याचे. शेताशेतांत रचलेले पुंजणे, मळणीयंत्राचा आवाज, हवेत भुसा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणस भरणं चालू होतं. तणस हलकी, त्यामुळे भरताना कोणालाच हात आवरत नाही. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ती हात-दोन हात बाहेर लोंबली होती आणि मागे पार जमिनीजवळ आलेली.

पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतर मूल-चंद्रपूर रस्त्यावर अशी ट्रॉली मागून दिसतच नाही. मागच्या दिव्यावर तणस लोंबलेली असते, अंधारात ती अंधारासारखीच दिसते. मागून येणाऱ्याला कळतं तेव्हा अंतर संपलेलं असतं. या हंगामात दर वर्षी असे अपघात होतात.

मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "बाजूची तणस छाटून घे, दोरी आवळ, मागचा दिवा मोकळा कर."

तो म्हणाला, "मामा, अजून दोन फेऱ्या आहेत जी. अंधार पडून राहिला."

सात

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो अमेरिकेत न्यू जर्सीत एडिसनला असतो, तिकडे सकाळचे साडेआठ. आई खळ्यात खुर्ची टाकून बसली होती. फोन तिच्यासमोर धरला तर पडद्यावर सगळं पांढरं. रात्री बर्फ पडलं होतं आणि हा लांब दांड्याच्या ब्रशने गाडीवरून ते ढकलत होता. पुढची काच झाली, मागची झाली, मग तो टाचा उंचावून छतावरचं काढायला लागला.

आई म्हणाली, "अरे, काचीवरचं काढलंस ना, मंग वरचं काऊन काढतेस? ऑफिसले उशीर होते ना."

तो म्हणाला, "आजी, वरचं नाही काढलं तर ते मागच्या गाडीवर उडतं. रात्रीत त्याचा बर्फाचा पापुद्रा होतो, कडक. महामार्गावर वेग घेतला की अख्खा पापुद्रा उठतो."

न्यू जर्सीत २०१० पासून याचा कायदाच आहे. छत, बॉनेट, काचा यांवरचं बर्फ काढायचा प्रयत्न चालकाने केलाच पाहिजे. काहीही उडालं नाही, कोणाला लागलं नाही, तरी २५ ते ७५ डॉलर दंड होऊ शकतो. उडून कोणाला इजा झाली किंवा नुकसान झालं, तर खासगी गाडीला २०० ते १,००० डॉलर. ब्रिटनच्या महामार्ग संहितेतल्या २२९ व्या नियमातही तेच सांगितलं आहे: सगळ्या काचा, दिवे, नंबर साफ करा आणि दुसऱ्याच्या मार्गात पडेल असं बर्फ काढून टाका.

मला त्यातला २५ डॉलरचा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटला. आपल्याकडे डल्ला पडून कोणाचं डोकं फुटलं की पंचनामा होतो. डल्ला अजून पडायचा आहे तेव्हा कोणी थांबवत नाही. तिथे पडायच्या आधीच विचारतात.

भाच्याला विचारलं, यात किती वेळ जातो. तो म्हणाला पंधरा-वीस मिनिटं, आणि बर्फ पडलं त्या दिवशी ऑफिसात उशिरा आलेलं चालतं, सगळ्यांनाच उशीर होतो. म्हणजे तिथेही ती मिनिटं कुणीतरी कामाच्या वेळेत धरली आहेत.

आठ

ट्रॉलीची शेवटची फेरी उरली होती. माझ्या मोटरसायकलच्या पेटीत रेडियमची पट्टी असते. तिचे तुकडे करून ट्रॉलीच्या मागच्या आणि पुढच्या फळ्यांवर दोन्ही टोकांना चिकटवले, लाल मागे, पांढरा पुढे. तणस विळ्याने बाजूंनी छाटली. एक जण वर, दोघं खाली, दोरी आडवी-उभी आवळली. मागचा दिवा पुसून पेटवून पाहिला तर पेटत नव्हता. तार तुटली होती. ट्रॅक्टरवाल्याने दातांनी सोलून जोडली.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली आणि ट्रॅक्टरवाला चुळबुळ करत होता. त्याचंही भाडं फेरीवर ठरलं होतं. मी भावाला बाजूला घेऊन म्हटलं की प्रत्येक फेरीमागे बांधायचे ५० रुपये वेगळे दे. भाऊ म्हणाला, "दादा, गावात कोनीच देत नाही. मी दिले तर उद्या सगळेच मागतीन."

"मागू दे," मी म्हटलं. "तू देतोस म्हणून मागतील आणि बांधून नेतील."

त्याने थोडा वेळ तणसाच्या ढिगाकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून सांगितलं, की आजच्या फेऱ्यांचेही धर, उद्या सकाळी हिशेब करू, आणि उद्याच्या दुसऱ्या ट्रॉलीलाही पट्टी लागेल, तिची किंमत माझ्या नावावर लिही.